आमच्या गडर लाइनचा भूगोल

आमच्या घरातलं सांडपाणी बाहेर पडून कुठे जातं, हे मला वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. कन्हान कुठून निघते आणि वैनगंगेला कशी जाऊन मिळते, हे माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरीलाही झोपेत सांगता यायचं. आमच्या मोरीतून निघालेली धार कुठे जाते, हे कुणी विचारलं असतं तर तेही मी झोपेत सांगितलं असतं. फक्त ते चूक असतं.

आमचं घर गांधीबागच्या मागच्या एका गल्लीत आहे. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरी कुकरची शिटी झाली की आमच्याकडे कुणीतरी गॅस बंद करायला उठतं. घर सासऱ्यांनी बांधलेलं. पुढे दोन भावांत वाटणी झाली तेव्हा मधोमध एक भिंत उभी राहिली. भिंतीच्या अलीकडे मी आणि आमचे हे. पलीकडे माझे धाकटे दीर प्रकाशभाऊजी आणि त्यांची बायको शोभा. दोन्हीकडची मुलं नोकरीसाठी बाहेरगावी. वाटणीच्या वेळी कुणी आवाज चढवला नाही. तो आम्ही चेंबरसाठी राखून ठेवला होता.

चेंबर म्हणजे सांडपाण्याच्या नळ्या जिथे एकत्र येतात तो झाकणाचा खड्डा. तो होता शोभाच्या मागच्या दाराशी. दोन-तीन महिन्यांनी तो तुंबायचा, झाकणाखालून काळं पाणी डोकावायचं आणि वास थेट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत यायचा. नऊ वर्षांपूर्वी तो नेमका महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवशी तुंबला. पंगत बसलेली, मी आंबील वाढतेय, आणि पाहुणे एकेक करून पदर नाकाला लावतायत. मी भरल्या पंगतीत शोभाला ऐकवलं की ज्या घरचं उष्टं-खरकटं सरळ मोरीत जातं, त्या घरचा चेंबर तुंबणारच. (पाहुण्यांमध्ये तिची आई होती. हे मला आधी दिसायला हवं होतं.)

शोभा इतकंच म्हणाली, "बाई, हे तुमची शाळा नाही." संध्याकाळी तिने माझी पुरणाची वाटी परत पाठवली. घासून, पुसून, रिकामी. आमच्या घरात रिकामी वाटी कुणी कुणाला पाठवत नाही. त्या दिवसापासून आम्ही दोघी जावा एकमेकींशी बोललो नाही. भावा-भावांनीही बोलायचं नाही, असं मी जाहीर केलं आणि तिनेही केलं. दोघे भाऊ मान डोलावून गप्प बसले. इतक्या सहज ते कसे गप्प बसले, याचं नवल मला तेव्हाच वाटायला हवं होतं.

माझ्यातली शिक्षिका मात्र गप्प बसली नाही. मी महापालिकेच्या झोन ऑफिसला अर्ज लिहायला घेतले. विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर, आणि शेवटी "नकाशा सोबत जोडला आहे." नकाशा मी स्वतः काढायची. बाणाने उत्तर दिशा, कोपऱ्यात सूची. शोभाच्या घराची लाइन लाल, ती मागच्या चेंबरकडे जाणारी. आमच्या घराची लाइन निळी, ती आमच्या पुढच्या दारातून स्वच्छ, सरळ, समोरच्या रस्त्याकडे. निळ्या रेघेला आधार काय? तर सासऱ्यांनी एकदा खुर्चीवर बसल्या-बसल्या हात दाखवून सांगितलं होतं, "आपली गडर लाइन समोरून गेली आहे." (नागपुरात सांडपाण्याच्या लाइनीला सगळे गडर लाइनच म्हणतात.) त्या वेळी त्यांची खुर्ची कोणत्या दिशेला तोंड करून होती, याचा विचार मी केला नाही.

गेल्या हिवाळ्यात गल्लीतली लाइन बदलायची ठरली. जुनी लाइन कुणी टाकली, कधी टाकली, हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. भाजक्या मातीच्या नळ्या होत्या आणि जागोजागी खचल्या होत्या. सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणे, मी लहान होतो तेव्हाही ती जुनीच होती. तेव्हा या गल्लीत घरं कमी, माणसं कमी, आणि पाणी विहिरीवरून खांद्यावर यायचं. आता घरोघरी दोन-दोन बाथरूम आणि कपडे धुवायचं मशीन. नळी मात्र तीच, वीतभर रुंदीची. कुणीतरी तिच्यावर दया करायला हवीच होती.

काम पाहायला आल्या महापालिकेच्या इंजिनिअर मेश्राम मॅडम. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात गमबूट. त्यांच्याबरोबर तुळशीराम नावाचे एक वयस्क मिस्त्री, जे फार कमी बोलायचे. मॅडमनी पहिल्याच दिवशी माझ्या दाराबाहेरच्या ओट्यावर एक कागद पसरला आणि म्हणाल्या की या गल्लीच्या जुन्या कागदांची पार माती झाली आहे, पण फायलीत हा एक नकाशा सापडला, फार सुबक आहे, कुणी काढला कोण जाणे.

उत्तरेचा बाण मी लगेच ओळखला. नऊ वर्षांत माझ्या अर्जाला आलेलं हे पहिलं उत्तर.

मी सांगून टाकलं की नकाशा माझा आहे. मॅडमना आनंद झाला. मला जास्त झाला. मी त्यांना चहा दिला, निळी रेघ बोटाने दाखवली आणि म्हटलं, इथे खणा, डोळे मिटून खणा.

त्यांनी खणलं. आमच्या दारासमोर छातीइतका खड्डा झाला आणि त्यात माती निघाली. माती, विटांचे तुकडे आणि एक पितळेचा गडवा, म्हणजे तांब्या, तोही बिनबुडाचा. गडर लाइन नव्हती. मी म्हटलं, चार हात पुढे पाहा, नकाशाच्या प्रमाणात थोडा फरक पडू शकतो. चार हात पुढे कुदळ टणकन् लागली. मी विजयाने मॅडमकडे पाहिलं. दुसऱ्या घावाला खड्ड्यातून पाण्याचं कारंजं उडालं. ती पिण्याच्या पाण्याची लाइन होती. गल्लीचं पाणी संध्याकाळपर्यंत बंद राहिलं आणि रिकाम्या बादल्या घेऊन बायका दारात उभ्या राहिल्या. नकाशा कुणाचा, हे गल्लीभर कळायला अर्धा तास लागला.

तुळशीराम मिस्त्रींनी नकाशाची घडी केली आणि मला परत दिली. म्हणाले, "बाई, कागदावर पाणी वाहत नाही."

चौथ्या दिवसापर्यंत गल्लीतल्या सगळ्या घरांच्या नळ्या सापडल्या आणि नव्या लाइनीला जोडून झाल्या. राहिली दोनच घरं, गल्लीच्या टोकाची, आमची. शोभाची नळी मागच्या चेंबरला जाते एवढं सगळ्यांनाच दिसत होतं. आमची सापडेना. मेश्राम मॅडमनी शांतपणे समजावून सांगितलं की परवा जुनी लाइन कायमची बंद करायची आहे. ज्या घराची नळी सापडली नाही, त्याचं पाणी आत कोंडून राहील आणि मोरीतून वर येईल. म्हणून उद्या सकाळी दहाला त्या येतील, आमच्या मोरीत चिमूटभर रंग टाकतील आणि तो कुठे निघतो ते बघतील. अशा वेळी असंच करतात.

चिमूटभर रंग, आणि तो कुठे निघतो ते बघायचं. एवढं ऐकलं आणि माझं कशातच लक्ष लागेना. जमिनीखालून वाहणाऱ्या नद्यांबद्दल मी मुलांना इतकी वर्षं सांगत आले. इथे गडप होते, तिथे प्रकट होते. तसली एक माझ्याच घराखालून वाहत होती आणि तिचा शोध दुसऱ्याच कुणी लावायचा? शिवाय निळी रेघ खरी आहे हे मॅडम यायच्या आत सिद्ध झालं, तर बिनबुडाच्या गडव्याचं आणि कारंज्याचं जरा तरी परिमार्जन झालं असतं. यांनी मला सांगून पाहिलं की उद्या दहाला येणारच आहेत त्या, थांब. पण ऐकेल तो भूगोल कसला.

संध्याकाळीच मी गांधीबागेतल्या कपड्याच्या रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, साडी रंगवायची की ओढणी. मी म्हटलं, गडर लाइन. त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मग लांबून दिसेल असा रंग सुचवला, रानी. जो गडद गुलाबी रंग पाहिला की डोळे आपोआप बारीक होतात, तो. पुडी देताना त्याने बजावलं की यातला चहाचा अर्धा चमचा ड्रमभर पाण्याला पुरतो. मी मान हलवली.

सकाळी आठला प्रयोग सुरू झाला. यांना मी समोरच्या रस्त्यावरच्या उघड्या खड्ड्यापाशी खुर्ची टाकून बसवलं. काम एकच, गुलाबी दिसलं की हाक मारायची. मी मागच्या मोरीत अर्धा चमचा रंग टाकला आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं. रंग गर्रकन फिरला आणि आत गेला. मी पुढच्या दारात आले. यांनी मान हलवली. काही नाही.

दहा मिनिटांनी मी आणखी एक चमचा टाकला आणि चार बादल्या ओतल्या. पुढे काही नाही. हे तोवर पेपर वाचायला लागले होते. लक्ष आहे का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मला काय पाहून राहिले म्हणून विचारतो आहे, त्याला काय सांगू ते आधी सांग.

मग माझं डोकं फिरलं. लांबच्या पल्ल्याला पाणी जास्त लागत असणार, असा मी हिशेब केला. उरलेली अख्खी पुडी बादलीत कालवली, दोन्ही हातांनी नीट ढवळली आणि ओतून दिली. टाकीचा नळ पूर्ण सोडला. मोरी भरभरून पीत होती. असा उत्साह मी तिच्यात कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शोभाचा आवाज आला.

"बाई! बाई, धावा जी! यायच्या पायातून रक्त येऊन राह्यलं!"

नऊ वर्षांत मला आलेली तिची पहिली हाक. मी धावले. प्रकाशभाऊजींना साखरेचा जुना त्रास आहे. पायाला काही लागलं तरी त्यांना कळत नाही, आणि पायाला जपा म्हणून डॉक्टर दर खेपेला बजावतात. त्यामुळे रक्त म्हटल्यावर मी चप्पलही घातली नाही. त्या क्षणी रंग माझ्या डोक्यात नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

शोभाच्या घरात पाऊल टाकलं आणि मी थांबले. न्हाणीघरातून निघून, स्वयंपाकघर ओलांडून, देवापुढून बैठकीत गेलेली पावलं. ओली, ठसठशीत, पाचही बोटं उठलेली. महालक्ष्म्यांना घरात आणताना कुंकवाची पावलं काढतात ना, तशी. फक्त नऊ नंबरची. पावलांच्या शेवटी सोफ्यावर भाऊजी टॉवेल गुंडाळून बसले होते, दोन्ही पाय घोट्यापर्यंत रानी, आणि चेहरा पांढराफटक. शोभा खाली बसून पाय चोळत होती. जितकं पुसत होती तितकं पसरत होतं. डॉक्टरला फोन लावू की गाडी बोलावू, हे ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती.

मी गुडघ्यावर बसले, पाय मांडीवर घेतला आणि पदराने बोट न् बोट पुसून पाहिलं. तळवा पाहिला, टाच पाहिली. मग दुसरा पाय. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. आता कुठे मला रंग दिसला.

"रक्त नाही," मी म्हटलं. "रंग आहे."

भाऊजींनी डोळे उघडले. आंघोळ करत होतो, ते म्हणाले, डोक्याला साबण होता, पायाला पाणी लागलं तर वाटलं नळ चालू राहिला असेल. डोळे उघडले तर हे. शोभाने विचारलं की आपल्या न्हाणीघरात रंग कुठून येईल. न्हाणीघरातून 'गुळूक' असा आवाज आला आणि जाळीतून वर आलेली गुलाबी धार उंबरा ओलांडून आमच्या दिशेने निघाली. माझ्या टाकीचा नळ अजून चालू होता.

शोभाने धार पाहिली. मग माझे हात पाहिले. ते कोपरापर्यंत रानी होते.

असं वर्गात मी कितीतरी पोरींकडे पाहिलं आहे. त्यांना कसं वाटत असेल, ते त्या दिवशी कळलं.

दहाला मेश्राम मॅडम आल्या, आणि त्यांच्यामागून पेपर घेऊन हेही. त्यांनी आधी पावलं पाहिली, मग पाय, मग मला. हसायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि ते ठरवलेलं सगळ्यांना दिसत होतं. तुळशीराम मिस्त्री मागच्या चेंबरचं झाकण उघडून उभे होते. आत दोन नळ्यांची तोंडं मिळत असतील असं मला वाटलं होतं. तोंड एकच होतं, आणि त्यातून रानी पाणी थेंब थेंब गळत होतं. मॅडमनी ओट्यावर बसून सगळा उलगडा केला. घर मुळात एकच होतं, म्हणून नळीही एकच. आमच्या मोरीतून निघते, भिंतीखालून जाते, शोभाच्या न्हाणीघराखालून मागच्या चेंबरला मिळते. वाटणीत भिंत घातली ती जमिनीच्या वर. खाली कुणी वाटणी केलीच नव्हती. आमचा भाग हातभर उंच आहे, म्हणून तुंबलं की पाणी आमच्याकडे कधी दिसायचं नाही, शोभाकडे वर यायचं.

म्हणजे नऊ वर्षं ज्या पाण्यासाठी मी तिला बोल लावत होते, त्यातलं निम्मं माझं होतं.

निम्मं हा शब्द मी स्वतःच्या समाधानासाठी वापरला. तो फार टिकला नाही. गाळ काढायला आता माणूस खाली उतरवत नाहीत, मशीननेच काढतात. त्या मशीनने नळीतला बोळा ओढला तेव्हा भाताचा दगड झालेला गोळा, तारेच्या घासण्या आणि त्यात अडकलेले सात चमचे बाहेर आले. मिस्त्रींनी एक चमचा धुतला आणि वाचला. आमची भांडी इतवारीच्या बाजारातली, नाव घालून घेतलेली. चमच्यावर माझंच नाव होतं, सौभाग्यवतीसकट. माझ्या मोरीची जाळी किती तरी वर्षांपूर्वी तुटली होती आणि नवी बसवायची राहून गेली होती. ते चमचे कमी होत गेले तेव्हा मी कुणावर संशय घेतला होता, ते इथे लिहीत नाही. ती शेजारीच उभी होती.

मिस्त्रींनी मला खड्ड्याच्या काठाशी बोलावलं. जुनी नळी दोन्ही बाजूंनी उघडी केली होती. मी वाकून पाहिलं, आणि खरं सांगायचं तर लाज विसरून पाहतच राहिले. तांबूस-तपकिरी, आतून काचेसारखी गुळगुळीत. जोडाच्या ठिकाणी सुतळी गुंडाळून वर चुना भरलेला. मिस्त्रींनी तो बोटाने खरवडला तर निघाला नाही. ज्याने कुणी हा जोड केला, तो हात धुऊन घरी गेला आणि कधीतरी मरूनही गेला असेल. आम्ही तीन पिढ्या त्यावरून संसार केला आणि वर्षातून एकदाही त्याची आठवण काढली नाही. पुढच्या हातभर अंतरावर मात्र नळी मधोमध चिरली होती. वरची माती आत पडली होती आणि त्या फटीतून पिंपळाच्या मुळ्या केसांसारख्या आत शिरल्या होत्या. मी विचारलं, अशी किती असतील शहरात. मिस्त्री म्हणाले, "जिथं खणाल तिथं. वरून रस्ता नवा दिसते ना बाई, म्हणून कोणी इचारत नाही."

मी मागे वळले. शोभा दारात उभी होती. माफी कशी मागायची, ते मला येत नव्हतं. शाळेत सवय झाली नाही आणि घरात मी मोठी. मी म्हटलं, "शोभा, चूक माझी होती. तेव्हाही, आणि आजही. तुझ्या आईसमोर मी तसं बोलायला नको होतं."

ती म्हणाली, "आई गेली तवा ते विसरून गेली होती. मी नाही विसरली." मग माझ्या रंगलेल्या हातांकडे पाहून म्हणाली, "पण मघाशी तुमी यायचा पाय मांडीवर घेतला ना, तवा मले बरं वाटलं."

मी डोळे पुसायला हात वर केला तर तिने तो मधेच धरला. रंग डोळ्यांत जाईल म्हणाली. मी हात धुवायला तिच्या न्हाणीघराकडे वळले, तर पुन्हा अडवलं, घरी जाऊन धुते म्हटलं तेव्हाही अडवलं.

"कुठंच नका धुवू जी. तिकडं धुतले तरी माह्याच घरात येईल ते."

आम्ही दोघी हसायला लागलो आणि थांबताच येईना. आत भाऊजींना धीर आला असावा. ते सोफ्यावरून यांना म्हणाले, "दादा, चला, मिटलं एकदाचं. या रविवारचे तर्रीपोहे माझ्याकडून."

मी हसायची थांबले. शोभाही थांबली. या रविवारचे म्हणजे मागच्या रविवारचे कुणाकडून होते, असं तिने विचारलं. दोघे भाऊ छताकडे पाहायला लागले. तपास फार वेळ चालला नाही. नऊ वर्षं, दर रविवारी, एकाच ठेल्यावर, एकाच बाकावर, झणझणीत रश्श्यातले पोहे. हे देवळात जातो म्हणून निघायचे आणि भाऊजी डॉक्टरने सांगितलेलं फिरायला. घरी येऊन दोघेही आमच्या हातचे पोहे चिमणीसारखे टोचायचे, आणि दोघांचं वय झालं म्हणून आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना काळजी करत बसायचो. त्या एका क्षणात माझी आणि शोभाची जेवढी एकी झाली, तेवढी नऊ वर्षं बोलूनही झाली नसती. भाऊजींची तर्री त्याच दिवशी बंद झाली. यांची सहानुभूतीने.

दोन्ही घरांना मिळून एक नवी लाइन पडली, जाड, रुंद, भिंतीखालून न जाता बाजूने. चेंबरही नवा. मेश्राम मॅडमनी जाताना नव्या लाइनीचा पक्का नकाशा काढला. मी मदत करू का म्हटलं, तर नको म्हणाल्या. फार आदराने म्हणाल्या, पण कागद हाताने झाकून घेतला.

हे इथेच संपायला हवं होतं. पण पलीकडच्या गल्लीत आमच्या रंगाची गोष्ट पोहोचली. तिथे काम अजून सुरू व्हायचं आहे आणि एका घराची नळी अशीच कुठे जाते ते कुणाला ठाऊक नाही. मला त्यांचं बोलावणं आलं: मॅडम, तुम्हाला अनुभव आहे, तुम्ही एकदा बघता का. मी नाही म्हणू शकत होते. शोभाने जाऊ नका म्हणून सांगितलं आणि मग स्वतःच बादली घेऊन बरोबर आली. या वेळी मी शहाणपणाने अर्धाच चमचा टाकला, वरून बादल्या मोजून पाणी ओतलं आणि जमलेल्या मंडळींना जमिनीखालच्या प्रवाहांबद्दल थोडं समजावून सांगितलं. शोभा खाली चेंबरपाशी डोळे लावून बसली.

त्याला आज वीस दिवस झाले. रंग चेंबरमध्ये निघाला नाही. रस्त्यावर नाही, नाल्यात नाही, कुणाच्या न्हाणीघरातही नाही. ती माणसं भेटली की विचारतात, मॅडम, निघाला का? मी म्हणते, येईल, वाटेत असेल. आणि रोज सकाळी नळ आला की पहिला पेला काचेचा भरते, खिडकीपाशी नेते, उजेडात धरून निरखून पाहते, आणि मगच यांना प्यायला देते.